विश्लेषण : होमिओपॅथी डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधे लिहावीत का? ‘सीसीएमपी’ वादाच्या मुळाशी काय आहे?

रात्रीचे दहा वाजलेले, मुलाला ताप, एमबीबीएस डॉक्टरांचा दवाखाना बंद आणि कोपऱ्यावरचा ‘बीएचएमएस’ पाटीचा दवाखाना तेवढा उघडा. नागपूर शहरातील एखादी वस्ती असो की रामटेक तालुक्यातील देवलापारसारखा भाग, अशी वेळ अनेक कुटुंबांवर येते. त्या दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीवर होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांऐवजी प्रतिजैविकाचे म्हणजेच अँटिबायोटिकचे नाव असेल तर? ते लिहिण्याचा अधिकार त्या डॉक्टरांना आहे का? या एका प्रश्नावरून राज्यातील ॲलोपॅथी डॉक्टर १८ सप्टेंबर २०२५ रोजी २४ तासांच्या बंदवर गेले. प्रश्न केवळ दोन पॅथींच्या भांडणाचा नाही. एमबीबीएस नसलेल्या व्यक्तीला औषध लिहिण्याचा अधिकार कायद्याने द्यावा का, दिला तर किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा वाद अमेरिका आणि ब्रिटनमध्येही सुरू आहे.

बंद कशासाठी होता?

राज्य सरकारने २०१४ मध्ये महाराष्ट्र होमिओपॅथिक व्यवसायी कायदा आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषद कायदा, १९६५ या दोन्हींत दुरुस्ती केली. होमिओपॅथी डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला, तर त्यांना ॲलोपॅथीची औषधे देता यावीत, हा या दुरुस्तीचा हेतू. त्याविरोधात इंडियन मेडिकल असोसिएशन म्हणजेच ‘आयएमए’ मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि प्रश्न रेंगाळला.

डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ॲलोपॅथीची औषधे देण्यास औषध विक्रेत्यांना मोकळीक दिली आणि वाद पुन्हा पेटला. ३० जून २०२५ रोजी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने अशा डॉक्टरांची नोंदणी १५ जुलैपासून सुरू करण्याची अधिसूचना काढली. आयएमएने विरोध केल्यावर ११ जुलैला ती थांबवण्यात आली आणि सरकारने समिती नेमली. मग ५ सप्टेंबरला नोंदणी सुरू करण्याचे निर्देश पुन्हा निघाले. अडीच महिन्यांत सरकारने दोनदा दिशा बदलली. १८ सप्टेंबरचा बंद त्यावरची प्रतिक्रिया होता. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ संघटनेनेही आयएमएला पाठिंबा दिला.

‘सीसीएमपी’ म्हणजे काय?

सर्टिफिकेट कोर्स इन मॉडर्न फार्माकोलॉजी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत तो चालवला जातो. कालावधी एक वर्ष. प्रवेश फक्त नोंदणीकृत होमिओपॅथी डॉक्टरांना.

आता पदव्यांचा हिशेब पाहू. एमबीबीएस साडेपाच वर्षांचे : साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. बीएचएमएसही साडेपाच वर्षांचेच. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, विकृतीशास्त्र, स्त्रीरोग हे विषय दोन्हीकडे आहेत. फरक पडतो तो औषधशास्त्रात आणि त्याहून अधिक म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळच्या शिक्षणात. एमबीबीएसचा विद्यार्थी एखाद्या मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात वर्षानुवर्षे आधुनिक औषधांचे परिणाम आणि दुष्परिणाम डोळ्यांनी पाहतो. बीएचएमएसच्या विद्यार्थ्याचे औषधशास्त्र मात्र मुख्यतः होमिओपॅथीचे असते. ही दरी एका वर्षात भरते का, हाच वादाचा गाभा आहे.

कायद्याने चिठ्ठी कोण लिहू शकतो?

औषध नियम, १९४५ मधील ‘अनुसूची एच’मधली औषधे केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर विकता येतात. प्रतिजैविके, रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेची औषधे अशी बरीचशी औषधे त्यात येतात. तिसऱ्या पिढीतील काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे वगैरेंसाठी ‘एच-१’ ही आणखी कडक अनुसूची आहे. ही औषधे विकताना डॉक्टर आणि रुग्ण यांची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते.

पण नोंदणीकृत व्यावसायिक कोण? त्याची व्याख्या याच नियमांच्या कलम २(ईई)मध्ये आहे. तिचा तिसरा भाग महत्त्वाचा. आधुनिक वैद्यकाची पदवी नसली तरी राज्य सरकारने आदेशाने जाहीर केलेल्या व्यक्तीला या नियमांपुरते नोंदणीकृत व्यावसायिक मानता येते. म्हणजे केंद्राच्या नियमांतच राज्यांसाठी एक दार ठेवलेले आहे. आयुर्वेद पदवीधरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट महाराष्ट्राने याच दारातून काढली होती. होमिओपॅथीसाठी २०१४ मध्ये थेट कायदाच बदलला गेला.

राज्याचा कायदा पुरेसा आहे का?

यावर सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल डोळ्यांसमोर ठेवावे लागतात.

पहिला १९९६ चा, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल. प्रकरण मुंबईचे. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिच्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने ठरवले आणि तीन लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. ‘क्रॉसपॅथी’चा विषय निघाला की आजही याच निकालाचा दाखला दिला जातो.

दुसरा १९९८ चा, डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य. औषध नियमांतील ते दार न्यायालयाने वैध ठरवले, पण अट घातली. औषध लिहिण्याचा हक्क हा वैद्यकीय व्यवसाय करण्याच्या हक्काशी जोडलेला आहे. त्यामुळे राज्याच्या कायद्यानेच तशी मुभा दिलेली असेल, तरच राज्याच्या आदेशाचा उपयोग. नुसते परिपत्रक पुरणार नाही. २०१४ ची दुरुस्ती आणि वैद्यकीय परिषदेतील नोंदणीचा आग्रह हा याच निकालाच्या चौकटीत बसण्याचा प्रयत्न आहे.

तिसरा जानेवारी २०२३ चा, आसामचा. आसामने २००४ मध्ये कायदा करून ग्रामीण आरोग्यसेवेसाठी तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम जोरहाटला सुरू केला होता. गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कारण, उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा राज्यघटनेनुसार केंद्राच्या सूचीतील विषय. ॲलोपॅथीचे शिक्षण केंद्राच्या कायद्याला डावलून राज्याला सुरू करता येत नाही. मात्र त्याच पदविकाधारकांना मर्यादित भूमिकेत सामावून घेण्यासाठी आसामने २०१५ मध्ये केलेला दुसरा कायदा न्यायालयाने टिकवला.

या तिन्ही निकालांतून निघणारा अर्थ असा की, राज्याला वाव आहे, पण अमर्याद नाही. मुंबई उच्च न्यायालयातील याचिकेचा कस याच मुद्द्यावर लागेल. सीसीएमपी हा केवळ एक पूरक अभ्यासक्रम आहे, की आडवाटेने ॲलोपॅथीचे दिलेले परवानापत्र?

विरोध नेमका कशाला?

विरोधाला व्यवसायातील स्पर्धेची किनार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आक्षेपांत वैद्यकीय तथ्यही आहे. चिठ्ठी लिहिणे ही उपचाराची शेवटची पायरी. त्याआधी निदान असते आणि चूक बहुधा तिथे होते.

नागपूरचेच उदाहरण घेऊ. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले. गवतातील चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा हा आजार. सुरुवात साध्या तापासारखी. अंगावर कुठेतरी, अनेकदा काखेत किंवा जांघेत, सिगारेटच्या चटक्यासारखा काळा व्रण असतो. तो शोधावा लागतो. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू केले तर रुग्ण लवकर सुधारतो. पण तापाला सर्रास दिल्या जाणाऱ्या पेनिसिलीन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविकांचा या जंतूवर उपयोग होत नाही. चुकीच्या औषधात चार दिवस गेले, तर मूत्रपिंड, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत गुंतागुंत जाऊ शकते.

डेंग्यूचेही तसेच. तापाला आणि अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत पॅरासिटामॉल सुरक्षित. दोन्ही गोळ्या बाजारात सहज मिळतात, पण कोणती टाळायची हे कळण्यासाठी आधी डेंग्यूची शंका यावी लागते.

प्रतिजैविकांच्या बेसुमार वापरामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होत आहेत, हा दुसरा आक्षेप. लिहिणारे हात वाढले की वापरही वाढणार, अशी ही भीती. मात्र अनावश्यक प्रतिजैविके लिहिण्यात एमबीबीएस आणि एमडी डॉक्टरही मागे नाहीत, हेही तितकेच खरे.

समर्थकांचे म्हणणे काय?

होमिओपॅथी डॉक्टरांचा पहिला युक्तिवाद वस्तुस्थितीचा. अनेक खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी वैद्यकीय अधिकारी बीएचएमएस किंवा बीएएमएस असतात. सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, वरिष्ठांना फोन करून औषध बदलणे ही कामे ते करतातच. तिथे त्यांची पदवी कोणाला खटकत नाही. स्वतःचा दवाखाना थाटला की मात्र ते ‘बोगस’ ठरतात, हा दुटप्पीपणा असल्याचे ते म्हणतात. त्यापेक्षा त्यांना शिकवा, परीक्षा घ्या, नोंदणी करा आणि जबाबदारी निश्चित करा, अशी त्यांची मागणी आहे.

दुसरा युक्तिवाद आकड्यांचा. देशात ८११ लोकांमागे एक डॉक्टर असल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हजारामागे एक या निकषापेक्षा हे प्रमाण चांगले. पण ही बेरीज कशी झाली? १३.८६ लाख ॲलोपॅथी डॉक्टरांत ७.५१ लाख आयुष डॉक्टर मिळवले गेले आणि त्यातील ८० टक्के उपलब्ध असल्याचे गृहीत धरले गेले. म्हणजे डॉक्टरांची संख्या सांगताना होमिओपॅथी डॉक्टर मोजायचे आणि अधिकार देताना वगळायचे, अशी स्थिती आहे. आयुष डॉक्टर बाजूला काढले, तर हजारामागे एक हा निकष देश गाठत नाही.

या युक्तिवादातील कच्चा दुवाही पाहायला हवा. टंचाई आहे ती मेळघाट, गडचिरोली, देवलापारमध्ये. सीसीएमपी पूर्ण केलेल्या डॉक्टरने तिथेच जावे, अशी सक्ती झाली नाही, तर नवा दवाखाना नागपूरच्या मानेवाड्यात किंवा जरीपटक्यातच उघडेल. अधिकार ग्रामीण भागाच्या नावाने आणि लाभ शहराला, असे होण्याचा धोका आहे.

हा प्रयोग आपल्याकडे नवा आहे का?

नाही. स्वातंत्र्यापूर्वी देशातील सुमारे दोन तृतीयांश डॉक्टर पदवीधर नव्हतेच. ते कमी मुदतीची पदविका घेतलेले ‘लायसेन्शिएट’ होते. नागपुरातील रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून असे ‘एलएमपी’ डॉक्टर तयार होत आणि मध्य प्रांतातील गावोगावी दवाखाने चालवत. १९४६ च्या भोर समितीने एकच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पदविकांचा काळ संपत गेला. दर्जा वाढला, पण गावातला डॉक्टर कमी झाला.

छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून जुनी वाट पुन्हा धरली. अभ्यासक्रम वादात सापडून बंद पडला, पण तयार झालेले ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. पुढे झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या आजारांचे निदान आणि उपचार यांत हे सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले. आयुष डॉक्टर मात्र त्यांच्या मागे होते. किती वर्षे शिकले यापेक्षा त्याच कामासाठी शिकले का, हे महत्त्वाचे ठरले.

सर्वांत बोलका अनुभव गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील महिलांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायलाही शिकवले. डॉक्टर नसलेली, जेमतेम शाळा शिकलेली बाई तान्ह्या बाळाला प्रतिजैविक देणार, ही कल्पनाच तेव्हा धाडसाची होती. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. आशा स्वयंसेविकांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम यातूनच उभा राहिला. २०१४ मध्ये केंद्राने ठरावीक परिस्थितीत एएनएम परिचारिकांना हे इंजेक्शन देण्याची मुभा दिली.

या महिलांचे शिक्षण कोणत्याही होमिओपॅथी डॉक्टरपेक्षा कितीतरी कमी होते. तरी प्रयोग यशस्वी झाला, कारण आजार मोजके होते, औषधे एक-दोन होती, कधी द्यायचे याचे नियम लिहिलेले होते, डॉक्टरांची देखरेख होती आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद होत होती.

‘फिजिशियन असिस्टंट’ हा पर्याय आहे का?

अमेरिकेत १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून निवृत्त झालेल्या वैद्यकीय मदतनिसांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथे पावणेदोन लाखांहून अधिक फिजिशियन असिस्टंट आहेत आणि सर्व ५० राज्यांत त्यांना औषधे लिहिता येतात. पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील सुमारे दोन हजार तासांचा अनुभव आणि राष्ट्रीय परीक्षा या अटी आहेत. पूर्वी प्रत्येकाला एखाद्या डॉक्टरशी लेखी करार करावा लागे. नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये ही अट बऱ्याच अंशी काढली. युटा, वायोमिंगसारखी राज्ये त्याच वाटेने गेली. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनाही विरोधात उतरल्या आणि त्यांचे मुद्दे आपल्याकडच्या आयएमएच्या मुद्द्यांसारखेच आहेत.

ब्रिटनने उलटी दिशा धरली. तिथे फिजिशियन असोसिएटना औषध लिहिण्याचा अधिकार नाही. जुलै २०२५ मध्ये आलेल्या लेंग अहवालाने तर त्यांचे नाव ‘असिस्टंट’ असेच ठेवावे आणि निदान न झालेले रुग्ण त्यांनी तपासू नयेत, अशी शिफारस केली. समोरची व्यक्ती डॉक्टर नाही हे रुग्णाला कळायला हवे, हा त्यामागचा विचार.

भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी आणला. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’ला व्यवसाय म्हणून मान्यता दिली. पण त्यांचे काम डॉक्टरांच्या हाताखालचे, स्वतंत्र दवाखान्याचे नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्येही मधला मार्ग आहे. ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ना मर्यादित परवाना द्यावा, प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक उपचारांत त्यांनी ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहावीत, बाकी ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अशी ही तरतूद. तिच्याविरोधातही आयएमएने ३१ जुलै २०१९ रोजी देशव्यापी बंद पाळला होता. तरतूद कायद्यात राहिली, प्रत्यक्षात उतरली नाही. उपकेंद्रांवर नेमलेले समुदाय आरोग्य अधिकारी हे तिचे सौम्य रूप म्हणता येईल. रक्तदाब, मधुमेहाचे रुग्ण ते शोधतात, वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू केलेल्या गोळ्या पुढे देतात आणि ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांशी बोलणे करून देतात.

मग तोडगा कशात आहे?

‘अधिकार द्या’ आणि ‘देऊ नका’ या दोन टोकांच्या मध्ये काही साधे प्रश्न आहेत. कोणती औषधे लिहिता येतील, याची यादी जाहीर होणार का? कोणत्या लक्षणांत रुग्णाला पुढे पाठवणे बंधनकारक असेल? सीसीएमपीनंतर स्वतंत्र परीक्षा होईल का आणि दर काही वर्षांनी ज्ञान तपासले जाईल का? ग्रामीण भागात काम करण्याची अट असेल का? आणि चूक झाली तर चौकशी होमिओपॅथी परिषद करणार की वैद्यकीय परिषद?

शेवटचा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठा. दोन परिषदांच्या मध्ये तक्रार टोलवली गेली, तर दगावलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी जायचे कुठे? बंद करून किंवा अधिसूचना काढून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. ते नियमांत लिहावे लागेल.

तोवर रुग्णांनी काय पाहावे?

• दवाखान्यातील आणि चिठ्ठीवरील नोंदणी क्रमांक पाहा. तो लिहिणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
• डॉक्टरांची पदवी विचारण्यात संकोच करू नका. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस या वेगवेगळ्या पदव्या आहेत.
• नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी मागा. कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या घेतल्या, तर पुढच्या डॉक्टरला आधी काय दिले हे कळत नाही.
• ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, लघवी कमी झाली, धाप लागली, रक्तस्राव झाला किंवा रुग्ण सुस्त पडला, तर पॅथीचा विचार न करता थेट मोठे रुग्णालय गाठा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स ही सरकारी रुग्णालये आहेत. गावातून निघताना १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.